बाबांचे तीन प्रश्न

बेसमेंट आवरायचं काम आम्ही दर हिवाळ्यात काढतो आणि दर हिवाळ्यात अर्धवट टाकतो. गेल्या जानेवारीत मात्र नेटाने एक खोका तळापर्यंत रिकामा केला, आणि त्यात बाबांचा १९९६ सालचा एक एरोग्राम सापडला. निळ्या कागदाच्या सगळ्या घड्या भरून झाल्यावर समासातही उभं लिहिलेलं. आईची गुडघेदुखी, शेजारच्यांच्या मुलीचं लग्न, आणि शेवटी ता. क.: "माझ्या तीन प्रश्नांची उत्तरे तुझ्याकडून यायची राहिली आहेत."

बाबा २००३ साली गेले. उत्तरं राहिलीच. अंकासाठी काहीतरी लिही असा संपादकांचा फोन आला तेव्हा म्हटलं, पाककृती पुढच्या वर्षी. आधी हे देणं फेडू.

त्या वर्षी उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे मॅडिसनला पहिल्यांदा आले. बाबा साताऱ्याला शाळेत संस्कृत शिकवायचे आणि टिळक म्हणजे त्यांचं दैवत. बॅगेत भाजणी आणि मेतकुटाच्या पुड्यांमध्ये त्यांनी एक पुस्तक कपड्यात गुंडाळून आणलं होतं, लोकमान्यांचं 'द आर्क्टिक होम इन द वेदाज'. "इथे उत्तरेकडे वाचायला बरं," असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "बाबा, हे विस्कॉन्सिन आहे, उत्तर ध्रुव नव्हे." त्यावर ते म्हणाले, "अगं, साताऱ्यापेक्षा तर जवळ आहे ना?"

२१ जूनला त्यांनी माझ्या दहा वर्षांच्या लेकीला हाताशी घेऊन एक प्रयोग केला. बॅकयार्डमधल्या टेबलावर फूटपट्टी उभी धरायची आणि भरदुपारी तिची सावली मोजायची. भरदुपार म्हणजे आपल्या घड्याळात एक, कारण डेलाइट सेव्हिंग. सावली भरली सव्वाचार इंच. बाबांनी पाटीवरचं गणित मांडावं तसं वहीत त्रिकोणमिती मांडली: सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून साडेएकोणीस अंश खाली, मॅडिसनचे अक्षांश त्रेचाळीस, वजाबाकी केली की साडेतेवीसच्या आसपास. "हा बघ पृथ्वीच्या आसाचा कल. तुझ्या अंगणात सापडला!" नात खूश. पण बाबांचा चेहरा विचारात. आर्यभटाने आणि सूर्यसिद्धान्ताने सूर्याची परमक्रांती, म्हणजे हाच कल, २४ अंश दिला आहे. पहिला प्रश्न तिथे जन्मला: "आपल्या लोकांचे चोवीस आणि हे साडेतेवीस. मग कल बदलतो की काय?"

दुसरा प्रश्न त्यानंतरच्या रविवारी आला. आम्ही त्यांना डेव्हिल्स लेकला नेलं. मॅडिसनहून तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना क्वार्टझाइटचे उंच कडे आणि मधे शांत तळं. हे तळं झालंच मुळी हिमयुगामुळे. कड्यांमधली दरी आधीपासून होती; कॅनडाकडून सरकत आलेल्या बर्फाने ढकलून आणलेली दगडमाती दरीच्या दोन्ही तोंडांशी टाकली, दोन बांध झाले, मधे पाणी साठलं. बाबांनी तो बांध पायाने दाबून पाहिला आणि विचारलं, "एवढा बर्फ आणला कोणी, आणि नेला कोणी?"

तिसरा प्रश्न परतीच्या वाटेवर, गाडीत, जरा हळू आवाजात. "हे सगळं शास्त्रज्ञांनी आता शोधलंय, त्यावरून पाहता टिळक चुकले का गं?"

मी तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करत होते. पुस्तकं माझ्या हाताखालून रोज जात. तरी म्हटलं, "चौकशी करते." आणि मग डिशवॉशर, स्विमिंग क्लास, थँक्सगिव्हिंग. तुम्हाला माहीतच आहे.

तर बाबा, पहिलं उत्तर. हो, कल बदलतो. भोवरा फिरताना जसा डुलतो तशी पृथ्वीही डुलते, आणि इतर ग्रहांच्या ओढीमुळे तिच्या आसाचा तिरकेपणाही थोडा कमी-जास्त होतो. साधारण २२.१ ते २४.५ अंश एवढाच हा खेळ, आणि एक फेरी व्हायला सुमारे ४१,००० वर्षं. आज तो २३ अंश २६ कला आहे आणि कमी होत चालला आहे. त्यामुळे कर्कवृत्त दरवर्षी चौदा-पंधरा मीटर दक्षिणेला सरकतं. आर्यभटाच्या काळी, म्हणजे इ. स. ४९९ च्या सुमारास, कल २३ अंश ३८ कला होता. तेव्हा 'चोवीस' ही आपल्या सिद्धान्तकारांनी गणिताला सोयीची म्हणून घेतलेली पूर्ण संख्या दिसते. पंधराशे वर्षांत कल बदलला तो जेमतेम १२ कला, म्हणजे एका अंशाचा पाचवा भाग.

इथे एक गोंधळ टाळायला हवा. मकरसंक्रांत १४ जानेवारीला आणि प्रत्यक्ष उत्तरायण २१-२२ डिसेंबरला, हा जो फरक आहे तो या कलाचा नव्हे. ते संपातचलन. आसाची दिशाच सुमारे २६,००० वर्षांत एक गोल फेरी मारते, आणि आपलं पंचांग नक्षत्रांना धरून राहिल्यामुळे ऋतू हळूहळू पुढे-मागे होतात. टिळकांनी १८९३ सालच्या 'ओरायन'मध्ये याच संपातचलनावरून वेदांचा काळ काढला होता. कल आणि संपातचलन ही दोन वेगळी चक्रं. तिसरं चक्र पृथ्वीच्या कक्षेच्या लंबगोलपणाचं, जवळपास एक लाख वर्षांचं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या तिघांत मिळून आहे.

हिमयुगाची सांगड आकाशाशी घालणाऱ्यांत मोठं नाव जेम्स क्रॉल या स्कॉटिश माणसाचं. शिक्षण फारसं नाही. ग्लासगोच्या एका संस्थेत रखवालदाराची नोकरी धरली ती तिथल्या वाचनालयासाठी! १८७५ साली त्याने 'क्लायमेट अँड टाइम' हा ग्रंथ काढला. त्याचं म्हणणं, कक्षा जास्त लंबगोल असते आणि हिवाळ्यात पृथ्वी सूर्यापासून लांब असते तेव्हा हिवाळे कडक होतात आणि बर्फ साठतो. त्याच्या हिशेबाने शेवटचं हिमयुग सुमारे ८०,००० वर्षांपूर्वी संपलं.

पण अमेरिकेतले भूशास्त्रज्ञ जमिनीकडे बघत होते. नायगारा धबधबा दरवर्षी थोडा मागे सरकतो; बर्फ गेल्यानंतर त्याने घळ कापायला घेतली असेल, तर घळीची लांबी हेच घड्याळ. गिल्बर्टने त्यावरून १८८६ साली सुमारे ७,००० वर्षं हा आकडा काढला. मिनियापोलिसच्या सेंट अँथनी धबधब्यावरून विंचेलचा हिशेब ८,००० च्या घरात. कुठे ऐंशी हजार आणि कुठे आठ हजार!

या भांडणात क्रॉलची मूळ चूक काय ते पुढे मिलुटिन मिलान्कोविच या सर्बियन माणसाने दाखवलं. हा मूळचा काँक्रीटच्या बांधकामांचा इंजिनिअर, १९०९ पासून बेलग्रेडला प्राध्यापक. १९१४ साली युद्ध पेटलं तेव्हा तो नुकताच लग्न करून ऑस्ट्रिया-हंगेरीच्या हद्दीत गेला होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडला गेला. पुढे बुडापेस्टमध्ये स्थानबद्धतेत राहण्याची आणि तिथल्या विज्ञान अकादमीच्या वाचनालयात बसण्याची मुभा मिळाली, आणि युद्ध संपेपर्यंत तो आकडेमोड करत बसला. त्याच वर्षी जूनमध्ये टिळक मंडालेहून सुटले होते, गीतारहस्याचं हस्तलिखित तयार करून. बाबांना हा योगायोग सांगायला हवा होता.

मिलान्कोविचने हिवाळ्याकडे पाठ फिरवली आणि उन्हाळ्याकडे पाहिलं. हवामानतज्ज्ञ कोपेनचाही सल्ला तोच होता. ही गोष्ट मला पुस्तकापेक्षा पार्किंग लॉटमध्ये जास्त चांगली समजली. आपल्याकडे मॉलच्या कोपऱ्यात बर्फाचा डोंगर रचून ठेवतात ना? जानेवारी कितीही कडक असो, डोंगर टिकणार की नाही ते एप्रिल-मे ठरवतो. ध्रुवाकडच्या भागात हिवाळ्यात बर्फ पडणारच. उणे वीस काय आणि उणे तीस काय! प्रश्न असतो उन्हाळा ती जमा खर्चून टाकतो की शिल्लक ठेवतो एवढाच. आसाचा कल कमी झाला की ध्रुवाकडचे उन्हाळे सौम्य होतात, थोडी शिल्लक राहते. पुढच्या वर्षी तिच्यावर आणखी थोडी. पांढरा बर्फ ऊन परतवतो, गारवा वाढतो, शिल्लक आणखी वाढते. हजारो वर्षं हे चक्रवाढ व्याज चाललं की बर्फ विस्कॉन्सिनपर्यंत येतो. उलट कल वाढलेला असताना उत्तरेच्या उन्हाळ्यातच पृथ्वी सूर्याच्या जवळ असली, की शिल्लक मोडीत निघते. सुमारे अकरा-दहा हजार वर्षांपूर्वी नेमक्या या दोन गोष्टी जुळून आल्या होत्या. बाबा, बर्फ आणला मऊ उन्हाळ्यांनी आणि नेला कडक उन्हाळ्यांनी.

मिलान्कोविचने ६५ अक्षांशावरच्या उन्हाळी उन्हाचा लाखो वर्षांचा हिशेब हाताने केला. १९४१ साली त्याचा मोठा ग्रंथ छापून होत असतानाच बेलग्रेडवर बॉम्ब पडले आणि छापखाना उद्ध्वस्त झाला. सुदैवाने बहुतेक छापील फर्मे वाचले. ग्रंथ वाचला, पण मान्यता मिळेना. १९५८ साली तो वारला तेव्हा बरेच भूशास्त्रज्ञ त्याचा सिद्धान्त बाजूला ठेवून मोकळे झाले होते.

निकाल लागला तो अमेरिकेत, आणि साक्षीदार होता आपला हिंदी महासागर! दक्षिण हिंदी महासागराच्या तळातून जहाजांनी गाळाचे लांबच लांब नळकांडे काढून आणले होते. त्यांत एकावर एक बसलेल्या सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांत जड आणि हलक्या ऑक्सिजनचं प्रमाण मोजलं की त्या त्या काळी जमिनीवर किती बर्फ होता ते कळतं. न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेतले जेम्स हेज, ऱ्होड आयलंडच्या ब्राउन विद्यापीठातले जॉन इम्ब्री आणि केंब्रिजचे निकोलस शॅकल्टन या तिघांनी साडेचार लाख वर्षांचा तो गाळ वाचला. डिसेंबर १९७६ मध्ये त्यांचा लेख 'सायन्स' या नियतकालिकात आला. गाळात तीन ठेके स्पष्ट सापडले: एक लाख वर्षांचा, सुमारे बेचाळीस हजारांचा आणि सुमारे तेवीस हजारांचा. मधला ठेका आसाच्या कलाचा. त्याहून जुन्या, दहा लाख वर्षांपलीकडच्या काळात तर हिमयुगं साधारण ४१,००० वर्षांच्या तालावरच येत-जात होती. नंतर तो ताल लाखाचा का झाला, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

आता मॅडिसनकर म्हणून थोडी फुशारकी. आपल्या इथल्या विद्यापीठातले जॉन कुट्झबाख (ते २०२१ साली वारले) यांनी १९८१ साली हेच चक्र मान्सूनला लावून पाहिलं. नऊ हजार वर्षांपूर्वी कल सव्वाचोवीस अंशांच्या जवळ होता, आणि पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ यायची ती जुलैच्या अखेरीस. आज ती जानेवारीच्या सुरुवातीला येते. हिशेब निघाला की तेव्हा जुलैत पृथ्वीला सरासरी ७ टक्के जास्त ऊन मिळत होतं. हे आकडे संगणकाच्या हवामान-प्रारूपात घातल्यावर आफ्रिका आणि आशियावरचा मान्सून जोरदार झाला. जमीन जास्त तापली की समुद्राची ओली हवा जास्त ओढली जाते, कोकणात दरवर्षी होतं तेच. गुरदीप सिंग यांनी राजस्थानातल्या सांभर, डिडवाना, लूणकरणसर या सरोवरांच्या गाळातले परागकण तपासून त्याआधीच दाखवलं होतं की तिथे एके काळी आजच्यापेक्षा बरंच ओलं हवामान होतं. मेंडोटा लेकच्या काठावर बसून एक माणूस थरच्या वाळवंटातल्या हरवलेल्या पावसाचं कारण शोधतो! मी रोज त्याच कॅम्पसवर डबा खात होते आणि मला पत्ता नव्हता.

आता तिसरा प्रश्न. हा अवघड.

टिळकांचं पुस्तक १९०३ साली आलं. ऋग्वेदातली लांबलचक उषा, देवांचा सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र, यांवरून त्यांनी मांडलं की वैदिक आर्यांचे पूर्वज ध्रुवप्रदेशात राहत होते आणि हिमयुगाने त्यांना तिथून हुसकावलं. (हा सहामाही दिवस ही देणगीसुद्धा आसाच्या कलाचीच. आस सरळ उभा असता तर ध्रुवावर ना लांब दिवस ना लांब रात्र.) हे जुळायचं तर हिमयुग फार जुनं असून चालत नव्हतं. टिळकांनी क्रॉलचा सिद्धान्त वाचला, त्याचे ऐंशी हजार वाचले, नायगाऱ्याच्या घळीवरचे हिशेब वाचले आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञांच्या बाजूने कौल दिला: हिमयुग संपून सुमारे दहा हजार वर्षं झाली.

याचा निवाडा झाला तोही विस्कॉन्सिनमध्ये. लेक मिशिगनच्या काठी टू क्रीक्स म्हणून जागा आहे. तिथे परत चाल करून आलेल्या बर्फामुळे गाडलं गेलेलं स्प्रूसचं जंगल जमिनीखाली आहे. शिकागोच्या विलार्ड लिबी यांनी १९५०च्या सुमारास आपल्या नव्या कार्बन-१४ पद्धतीने त्या लाकडाचं वय काढलं, ते आलं सुमारे ११,४०० वर्षं. नंतरच्या दुरुस्त्यांनी ते साडेतेरा हजारांच्या पुढे गेलं. पण क्रॉलचे ऐंशी हजार कायमचे निकालात निघाले. आज हिमयुगाची अखेर ११,७०० वर्षांपूर्वीची धरतात. पुण्यात बसून, परक्या भाषेतले अहवाल वाचून, टिळकांनी निवडलेला आकडा बरोबरच्या किती जवळ होता बघा!

आणि तरीही बाबा, मूळ सिद्धान्त टिकला नाही. कारण याच चक्रांत आहे. हिमयुग संपण्याआधीची दोन हिमयुगांमधली ऊबदार सवड सव्वा लाख वर्षांपूर्वीची होती. तेव्हाचं ऊबदार आर्क्टिक आणि वेदांचा काळ यांच्या मधे एक लाखाहून जास्त वर्षांचा बर्फ आहे. तेवढं अंतर कुठलीही स्मृती ओलांडत नाही. भाषाशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञही ध्रुवीय मूलस्थान मानत नाहीत. १९९६ साली गाडीत हे बोलायचं माझ्या जिवावर आलं. आता वाटतं, बोलायला हवं होतं. ते रागावले नसते. शाळेत त्यांनीच शिकवलं होतं की उत्तर चुकलं तरी पायऱ्या बरोबर असतील तर गुण मिळतात.

एरोग्राममध्ये प्रश्न तीनच आहेत. चौथा मला यंदा लेकीने फोनवर विचारला, आता ती चाळिशीची आहे. आपल्या मंडळाच्या पिकनिकला कोणी ना कोणी काका म्हणतातच, "हवामान काय, बदलतच असतं. हिमयुगं आली आणि गेली." ती म्हणाली, "आई, मग आत्ताची उष्णता हे त्या कलाचंच काम नाही ना?"

नाही. कल सध्या कमी होतोय आणि पृथ्वी सूर्याजवळ येते ती जानेवारीत, म्हणजे ही चक्रं उत्तरेचे उन्हाळे मऊ करायच्या बाजूला आहेत. आकाशावर सोपवलं असतं तर कल हजारो वर्षांत अगदी सावकाश गारव्याकडे झुकला असता. शिवाय वेग बघा. टिळकांचं पुस्तक आल्यापासून कल बदलला सुमारे एक कला, कर्कवृत्त सरकलं जेमतेम पावणेदोन किलोमीटर. तेवढ्याच काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे २९५ वरून ४२० च्या वर गेला. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेली आठ लाख वर्षांची हवा तपासली आहे. त्यात तो १८० ते ३०० यांच्या मधेच झुलत राहिला होता. म्हणजे हिमयुगं येतानाही हवा बदलत होतीच. 'विस्कॉन्सिन' हे नाव हिमयुगाला देणाऱ्या आपल्या चेंबरलिन यांनी तर १८९९ मध्येच हिमयुगांचा संबंध या वायूशी जोडला होता. पूर्वी कल आधी हलायचा आणि हवा मागून जायची. या वेळी हवा आपण हलवली आहे. काकांना मी आता एवढंच सांगते, की जुनी चक्रं नीट मोजता आली म्हणूनच हे नवं त्यांच्यात बसत नाही हे आपल्याला कळलं.

या २१ जूनला लेक आपल्या मुलाला घेऊन आली होती. बाबांची वही काढली, फूटपट्टी काढली, एक वाजता टेबलावर उभी धरली. सावली सव्वाचार इंच. तीस वर्षांत कल पाव कलेनेही बदललेला नाही, पट्टीवर काय दिसणार! नातवाने वहीत जुन्या आकड्याखाली नवा आकडा लिहिला आणि विचारलं, "सेम आहे, मग परत कशाला मोजायचं?"

त्याला म्हटलं, डिसेंबरात ये. २१ तारखेला हीच पट्टी सव्वादोन फूट सावली टाकते, टेबलाबाहेर जाते. मग कल म्हणजे काय ते बघू.

दिवाळीच्या सर्वांना शुभेच्छा!